आऊटरवर थांबलेल्यांची यादी

ज्याचं नाव ऐकलं की तुमच्या अंगाची आग होते, तो माणूस मेल्यावर त्याच्यासाठी तुम्ही कधी मेणबत्ती लावली आहे का? मी लावली नव्हती, आणि त्याचा मला अभिमान होता. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, मात्र असल्या मेणबत्त्यांचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. देवाच्या दयेवर त्यांच्याइतका हक्क सांगणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात झाला नसेल. तोही स्वतःसाठी नाही, दुसऱ्यांसाठी.

दरेकसाच्या जंगलात रूळ तपासण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, त्यामुळे त्यांचा परलोकही रेल्वेचाच होता. मेलेले स्वर्गाआधी जिथे थांबतात ते शुद्धिस्थान म्हणजे काय, हे चर्चच्या फादरांनी आम्हा पोरांना तीन रविवार समजावलं आणि कोणालाच कळलं नाही. मोठेबाबांनी चहा संपायच्या आत सांगितलं, “गोंदियाचा आऊटर आहे तो. गाडी आली, गाव दिसून राहिलं, पण सिग्नल नाही. आपण प्रार्थना केली का सिग्नल पडते.” एवढ्या सिद्धांतावर ते रोज दुपारी तीनला, येशूच्या मरणाच्या घटकेला, असतील तिथे थांबून दैवी दयेची माळ जपत, मग धानाची रोवणी चालू असो की बँकेत त्यांचा नंबर लागलेला असो. एकदा आमगावला न्हाव्याच्या खुर्चीत तीन वाजले. अर्ध्या गालावरचा फेस तसाच ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि न्हावी वस्तरा धरून उभा राहिला. माळ संपल्यावर त्यानं विचारलं, “बाबाजी, कोणासाठी एवढं?” “रुळावर सापडलेल्यांसाठी.” न्हाव्यानं उरलेला गाल गुळगुळीत केला आणि हळूच म्हणाला, “मग माझ्या मायचं बी नाव घ्या.”

नोकरीत त्यांनी रुळावरून जी अनोळखी प्रेतं उचलली, त्यांची नावं कोणालाच माहीत नव्हती. म्हणून मोठेबाबा त्यांना जवळच्या खांबाच्या नंबरानं ओळखत. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आमच्या चर्चमध्ये घरोघरच्या मेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचतात. इतर घरांची चार-पाच नावं असायची, मोठेबाबांचे दोन कागद भरून: आजोबा, आजी, न्हाव्याची आई, चौदा नंबर खांबावाला, बोगद्याजवळची लाल लुगड्याची बाई. केरळहून आलेल्या फादरांनी एकदा विचारलं, “बाबा, हे सगळे आपले लोक आहेत?” “मेल्यावर कोणाचे राह्यतेत ते, फादर?” फादरांनी चष्मा पुसला आणि यादी माझ्या हातात दिली, कारण वाचायचं काम माझ्याकडे होतं.

गेल्या वर्षी त्या यादीत मोठीमायच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, नावाखाली मेटचं नाव होतं. मेट म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या गँगचा मुकादम. तीस वर्षांपूर्वी मोठीमाय बाळंतपणात अडली तेव्हा लाईनवर निरोप आला होता, आणि या मेटनं मोठेबाबांना कामाची पाळी संपेपर्यंत जाऊ दिलं नव्हतं. ते घरी पोचले तेव्हा ती गेली होती; ओसरीवर बायका जमल्या होत्या. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. मी युनियनच्या पत्रकांवर वाचायला शिकलेली मुलगी. मेट मेला आणि लोक त्याला चांगला म्हणू लागले, तेव्हा ‘आधी न्याय, मग माफी’ असं पत्रक काढून मी ते चर्चच्या फळ्यावर लावलं. उरलेल्या प्रती मोठेबाबांनी मागून नेल्या. मला वाटलं, वाटतील. त्यांनी त्या प्रतींच्या कोऱ्या पाठीवर यादी लिहिली होती. मी एकेक नाव वाचत गेले आणि मेटचं गाळलं.

चर्चमध्ये कोणाच्या लक्षात आलं नाही. पण सुटलेला बोल्ट ज्याच्या पावलाला कळतो, त्याला एक नाव कमी झालेलं कळणारच. बाहेर आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

“काऊन वं पोरी, एक नाव कमी काऊन?”

“त्यानं तुम्हाले जाऊ नाही दिलं. मी त्याच्यासाठी कायले तोंड उघडू?”

त्यांनी टोपी झटकली. “मी त्याले माफ केलं, असं कुठं म्हणतो? तीस वर्षं माळ जपून राहिलो, मले नाही जमलं. म्हणून तर यादीत टाकलं. मले जमत नाही ते देवाले करू दे ना.” मग जरा हसले. “आणि तुही मोठीमाय आत पोचली असन. हा आऊटरवर उभा राहिला त तिले रोज दिसन. तिच्या डोळ्यापुढं कायले ठेवतं त्याले? पुढच्या वर्षी वाचजो.”

पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही. ईस्टर झाल्यावर ते गेले. तेही सकाळी दहाला, जे त्यांना मुळीच पटलं नसतं. आदल्या आठवड्यात मला बजावलं होतं, “माझं नाव मेटच्या मागं लिहिजो. समोर तो, मागं मी. लाईनवर तसेच चालत होतो.”

मी माझं पत्रक मागे घेतलेलं नाही. न्याय अजूनही आधी हवा, आणि मेटला जे उत्तर द्यायचं आहे ते त्याला द्यावंच लागेल. पण या दोन नोव्हेंबरला मी दोन्ही नावं वाचणार आहे, ओळीनं, आणि पहिल्यावर माझा आवाज अडखळणार हे मला आत्ताच माहीत आहे. तुमच्याकडून एकच हवं. एखाद्या जुन्या कागदाची कोरी बाजू घ्या, जे नाव तुमच्या तोंडून निघत नाही ते लिहा, आणि दुपारी तीनला हातातलं काम थांबवून एकदा मोठ्यानं वाचा. माफ करायची घाई करू नका. फक्त गाळू नका.