इंजिनाचं खरं वर्ष

पेट्रोल पंपाच्या मागच्या कोपऱ्यात, हवा भरायच्या यंत्राशेजारी, एक पत्र्याची खोली आहे. आत टेबल, संगणक, धूर मोजायचं यंत्र आणि यंत्रातून निघालेली लांब रबरी नळी. या खोलीत बसणाऱ्या माणसाला सगळे नाकमास्तर म्हणतात. गाडी आली की मास्तर आधी मागे जाऊन वाकतात, सायलेन्सरपाशी नाक नेतात, हुंगतात आणि आकडा सांगतात. मग नळी आत घालतात. मास्तरांचा आकडा आणि यंत्राचा आकडा यांत फारसा फरक पडत नाही. पडलाच तर मास्तर यंत्र दुरुस्तीला पाठवतात.

गाड्या नापास करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. परिवहन कार्यालयातल्या साहेबांची गाडी त्यांनी नापास केली होती. स्वतःची स्कूटरही नापास केली आणि सुटा भाग मिळेपर्यंत चार दिवस पायी कामावर आले. बायको म्हणाली, "स्वतःला पास करून टाकलं असतं तर कोण विचारणार होतं?" मास्तर म्हणाले, "मीच विचारलं असतं." असली वाक्यं टाकायची त्यांना खोड होती, आणि त्याने माणसं वैतागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही.

तर अशा या माणसाने जन्मात एकच लबाडी केली होती, आणि ती सख्ख्या बहिणीच्या घरी, एका जुन्या मोटारीच्या बॉनेटखाली बसून होती.

मोटार दाजींची, म्हणजे मास्तरांच्या बहिणीच्या नवऱ्याची. मूळ ती दाजींच्या वडिलांनी घेतलेली. चोपन्न वर्षांची, फिक्या पिवळ्या रंगाची, डावीकडचा दरवाजा जरा वर उचलल्याशिवाय न उघडणारी. दाजी नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेले. माणूस बोलका, थट्टेखोर, पण हातात कागद आला की एकदम गंभीर. दरवर्षी ते गाडी घेऊन धूर तपासायला मेहुण्याकडेच यायचे. मास्तर तपासायचे, कागद द्यायचे आणि "गर्दी आहे हो आज" म्हणत दाजींना वाटेला लावायचे. खोलीत तेव्हा काळं कुत्रं नसायचं. बहिणीकडे जाणंही मास्तरांनी असंच कमी कमी करत आणलं होतं. ताई विचारायची, तर कधी पाठ धरलेली असायची, कधी यंत्र बिघडलेलं.

त्या वर्षी नवा नियम आला. जुन्या गाड्यांचा धूर नव्या मर्यादेत बसला पाहिजे. नाहीतर गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि इंजिन मूळचंच हवं, म्हणजे ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल. व्हिंटेजला धुराची तपासणी माफ, मात्र ती प्रदर्शनापुरती किंवा दुरुस्तीपुरतीच बाहेर काढायची. दोन्ही जमत नसेल तर वर्षअखेर भंगारात. दाजी तिसऱ्याच दिवशी भरलेला अर्ज घेऊन हजर झाले. गाडीचे चारी बाजूंनी काढलेले फोटो, वडिलांच्या नावची पहिली पावती, सगळं क्रमाने लावलेलं.

"एकच सही राहिलीये," दाजी म्हणाले. "इंजिन मूळचं आहे असा मान्यताप्राप्त तपासनिसाचा दाखला लागतो. म्हटलं, घरातच तपासनीस असताना बाहेर कशाला जा."

"ठेवून जा," मास्तर म्हणाले. "निवांत बघतो."

"त्यात बघायचंय काय? तूच तर उघडलं होतंस ते."

तेच तर होतं. सव्वीस वर्षांपूर्वी मास्तर गॅरेजात मिस्त्री होते. दाजी कामासाठी दीड महिना परगावी गेले होते आणि गाडी काळा धूर ओकत बंद पडली होती. ताई म्हणाली, "ते यायच्या आत चालू करून दे बाबा, त्यांचा जीव आहे तिच्यात." मास्तरांनी इंजिन उघडलं. आतले भाग झिजून गेलेले, नवे कुठे मिळेनात. त्याच कंपनीची एक चार वर्षांची गाडी अपघातात चेपून गॅरेजात आली होती. तिचं इंजिन शाबूत होतं. मास्तरांनी ते उचललं आणि दाजींच्या गाडीत बसवलं. इंजिन बदलल्याची नोंद करायची तर कचेरीत खेटे घालावे लागणार आणि ते दाजींनाच घालावे लागणार. मग मास्तरांनी जुन्या इंजिनावरची नंबराची पट्टी छिन्नीने काढली आणि दोन रिवेट ठोकून नव्यावर लावली. नोंद नंतर करू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. जुनं इंजिन गॅरेजवाल्याने भंगारात वितळायला दिलं. दाजी परत आले, किल्ली फिरवली आणि खूश झाले. "याला म्हणतात दुरुस्ती," ते येईल त्याला सांगू लागले. पुढे सव्वीस वर्षं सांगत राहिले, आणि दरवेळी मास्तर तिथून काढता पाय घ्यायचे.

अर्ज दोन दिवस टेबलाच्या खणात पडून राहिला. सही करणं अगदी सोपं होतं. पट्टी जागेवर होती, नंबर जुळत होता, तपासायला येणारा निरीक्षकही तेवढंच बघून गेला असता. गाडी वाचली असती. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी खोलीला कुलूप लावलं आणि सही न केलेला अर्ज खिशात घालून ते ताईच्या घरी गेले.

दाजी पडवीत गाडीच्या चाकांना कापड मारत होते. मास्तरांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दाजींनी कापड घडी करून बॉनेटवर ठेवलं.

"म्हणजे वडिलांचं इंजिन यात नाहीच," दाजी म्हणाले.

"नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही परगावी होतात तेव्हापासून."

ताई दारातून पुढे आली. "मीच मागे लागले होते त्याच्या," ती म्हणाली. "तू चालू करायला सांगितलं होतंस," दाजी म्हणाले, "पट्टी ठोकायला नाही." ताई आत गेली आणि चहा ठेवल्याचा आवाज आला. शेवटी दाजींनी विचारलं, "आत्ता आत आहे तेच इंजिन धरलं तर काय होतं?"

मास्तरांनी सांगितलं. खरी नोंद केली तर गाडी व्हिंटेज राहत नाही. मग मर्यादा लागते ती इंजिनाच्या वर्षाची, आणि त्या वर्षाच्या इंजिनाला नव्या नियमाने धूर अर्ध्या टक्क्याच्या आत हवा. आत्ता किती असेल, असं दाजींनी विचारलं. मास्तरांनी गाडी चालू करायला लावली, मागे जाऊन वाकले आणि म्हणाले, "दीड."

"मग खाली आण," दाजी म्हणाले.

इंजिनाचा खरा नंबर ब्लॉकच्या खालच्या अंगाला तेलाच्या थराखाली सापडला. परिवहन कार्यालयातल्या कारकुनाने मास्तरांचा कबुलीअर्ज दोनदा वाचला आणि, सव्वीस वर्षांनी कुणी असलं सांगायला येतं का, असं विचारलं. दंड झाला, लेखी समज मिळाली, नोंद झाली. मग तीन आठवडे मास्तर रोज दुपारनंतर ताईकडे जायचे. प्लग बदलले, व्हॉल्व्ह घासून बसवले, कार्बुरेटर चार वेळा खोलला. दाजी शेजारी स्टुलावर बसून वहीत रोजचा आकडा लिहायचे. दीडचा एक झाला, एकाचा पाऊण. पाऊणच्या आसपास येऊन गाडी हटूनच बसली.

मुदत संपायच्या दिवशी दाजी गाडी घेऊन पत्र्याच्या खोलीपाशी आले. मास्तर मागे जाऊन वाकले. या वेळी त्यांनी आकडा सांगितला नाही. त्यांनी नळी आत सारली आणि मग, कुणाला दिसू नये अशा बेताने, ती चार बोटंभर बाहेर ओढून घेतली. नळी अशी तोंडाशी धरली की बाहेरची हवा आत येते, धूर पातळ होतो आणि आकडा उतरतो. ही युक्ती धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असते. मास्तरांनी ती कधीच वापरली नव्हती. पडद्यावरचा आकडा खाली येऊ लागला. पाऊणाच्या खाली आला, ०.६ च्याही खाली आला.

"नळी बाहेर आलीये तुझी," दाजी मागून म्हणाले.

मास्तरांनी नळी तशीच धरून ठेवली.

"आत घे."

मास्तरांनी नळी पुरती आत घातली. आकडा वर गेला आणि ०.६८ वर थांबला. यंत्राने नापासचा कागद काढला. दाजींनी चष्मा लावून तो नकाशा तपासावा तसा वरपासून खालपर्यंत वाचला. "इंजिनाचं वर्ष बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली, कारण नापास गाडी आता तिथून चालवत नेता येत नव्हती. भंगारवाला सकाळी येऊन ओढून नेणार होता.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गप्प राहिला असतात तर वाचली असती," ते म्हणाले. "मी करतच होतो ना."

"दिसत होतं मला. वाचावी असं मलाही वाटत होतं," दाजी म्हणाले. "पण एकदा तू माझी गाडी वाचवलीस आणि सव्वीस वर्षं माझ्या घरी टेकला नाहीस. हे तीन आठवडे रोज आलास. आता परत कुठे जाऊ देऊ तुला?"

मास्तरांनी यंत्र बंद केलं, स्कूटर बाहेर काढली, आणि दाजी मागे बसेपर्यंत ती दोन्ही पाय टेकून धरून ठेवली.