धुतलेला पाट

"तू ऊठ. तुझं मागं वाढलंय."

पान वाढून झालं होतं. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड. मधोमध भाताची मूद, तिच्यावर वरण. तूप तेवढं यायचं होतं. माझ्या एका बाजूला नागपूरहून आलेल्या निवृत्त शिक्षिका, दुसऱ्या बाजूला केरळचं एक जोडपं. समोर तुपाचं भांडं घेऊन घरच्या काकू उभ्या. आवाज चढलेला नव्हता. पुण्यात अशा वेळी आवाज चढवावा लागत नाही.

मी उठले.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला कुणी शूर समजायला नको. मी उठले. वर हसलेसुद्धा. "हो हो, मला मागंच बरं पडतं," असं काहीतरी बोलले. पाहुण्यांना अवघडल्यासारखं होऊ द्यायचं नाही, याचाच मला पगार मिळत होता.

मी पर्यटकांना जुनं पुणं दाखवायचे. सकाळी आठला निघायचं, पेठांतून पायी फिरायचं आणि साडेबाराला या घरी पारंपरिक पंगत. पाट, केळीचं पान, भोवती रांगोळी. निघताना मी प्रत्येकाच्या हातात एक कागद द्यायचे. या शहरात कसं वागावं, त्याचे अकरा नियम. ते मीच लिहिले होते. दुपारी एक ते चार कुणाच्या दाराची घंटी वाजवू नका. दुकानदार 'नाही' म्हणाला तर 'का' विचारू नका. पत्ता विचारलात तर पत्ता मिळेल, सोबत टोमणाही मिळेल, दोन्ही घेऊन पुढं चला. लोक खूश व्हायचे. आठवा नियम पंगतीचा. सगळ्यांना तूप वाढून होईपर्यंत पानाला हात लावू नका, आणि पंगतीत बसलेल्या माणसाला मधून उठवत नाहीत, तो अन्नाचा अपमान असतो. शेवटचा, अकरावा: स्थानिक रिवाजांचा मान राखा.

शहराबाहेरच्या मांजरी गावच्या वस्तीतल्या पोरीनं लिहिलेले पेठेतले नियम. मला त्या कागदाचा केवढा अभिमान होता! आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

पहिल्या दिवशी काकूंनी मला आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. "अस्सं," त्या म्हणाल्या. मग मागच्या अंगणात नळाशेजारची जागा दाखवली. "कामाच्या माणसांचं इथं असतं." कागदी ताटलीत भात, आमटी, भाजी. मला ते पटलं. खरं म्हणजे मी पटवून घेतलं. गाइड म्हणजे कामाचं माणूसच की, त्यात काय एवढं. दोन वर्षं मी नळाशेजारी जेवले आणि आतल्या लोकांना मीठ कुठं वाढतात ते समजावून सांगितलं.

त्या रविवारी माझ्यासोबत एक नवी मुलगी होती. कर्वेनगरची, कॉलेजात शिकणारी. काम शिकायला आलेली, पहिलाच दिवस. काकूंनी तिलाही आडनाव विचारलं. ऐकून चेहरा खुलला. "अगं, मग उभी काय? बस की पंगतीला."

ती बसली. कामाचंच माणूस होती तीही.

मी दारात थांबले होते. नागपूरच्या बाईंनी माझा हात धरला. "तुम्ही पण बसा ना, जागा आहे." त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. मी बसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. पाट गार होता, ते अजून आठवतं. मग काकू तूप घेऊन आल्या. मला उठवलं तेव्हा ती नवी मुलगी स्वतःच्या पानात बघत राहिली.

मी मागं जाऊन उभी राहिले. जेवण गेलं नाही. थोड्या वेळानं घरकामाच्या मावशी बाहेर आल्या. हातात पाट. एकच. माझा. त्यांनी तो नळाखाली धरला, साबणानं घासला, पुन्हा धुतला आणि भिंतीला टेकवून उन्हात उभा केला. माझ्याकडे पाहिलं नाही. पंगत उठल्यावर बाकीचे पाट त्यांनी फडक्यानं पुसले आणि कोपऱ्यात रचून ठेवले.

अंगणात एक पाट ओला, आत बाकीचे कोरडे. मला आणखी कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

तरीही दारात उभी राहून मी सगळ्यांना विचारलं, "कसं वाटलं जेवण?"

संध्याकाळी फोन करून आमच्या सरांना सांगितलं. सहली त्यांच्याच होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अहो, घर त्यांचं आहे. आपण पाहुण्यांना काय सांगतो? स्थानिक रिवाजांचा मान राखा. तुम्हीच लिहिलंय ना ते?"

मीच लिहिलं होतं. माझं वाक्य त्यांनी माझ्याच थोबाडीत मारलं.

आईला सांगताना मला रडू फुटलं. ती भाकऱ्या थापत होती. थांबली नाही.

"आमाला कुनी बसवलंच न्हाई कवा, मग उठायची पाळी कुठनं येनार? तू तर बसल्याली हुतीस. मग उठलीस कशाला?"

तो प्रश्न मी आठवडाभर डोक्यात घेऊन फिरले.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी आत गेले आणि पहिल्या पाटावर बसले. बारा पाहुणे माझ्यामागून येऊन बसले. पानं मांडलेली होती. काकू आल्या. थबकल्या.

"तुझं मागं वाढलंय."

"मला माहीत आहे. मी इथं बसलेय."

"मग पंगत वाढली जाणार नाही."

"नका वाढू."

काकू आत गेल्या. कुणी काही वाढेना. रिकामी पानं समोर घेऊन आम्ही तेरा जण. मी पाहुण्यांना सगळं सांगितलं. आडनाव, नळ, धुतलेला पाट. सगळं. मला वाटलं होतं, कुणीतरी माझ्या बाजूनं बोलेल. नाशिकचे एक गृहस्थ घड्याळ बघत म्हणाले, "अहो, आमची गाडी आहे. तुम्ही मागं बसलात तर काय बिघडणार आहे?"

"आठवा नियम वाचा," मी म्हणाले. "कागद तुमच्या खिशात आहे."

त्यांनी कागद काढला नाही. अर्ध्या तासानं एकेक जण उठला. माझ्याकडे रागानं बघत गेले, काकूंची माफी मागत गेले. शेवटी पाटांच्या रांगेत मी एकटी. भूक लागली होती. पाय बधिर झाले होते. बारा पाट रिकामे झाले तेव्हा मी उठले. माझी मी उठले. मावशी दाराआड उभ्या होत्या. मी पाट उचलून स्वतः अंगणात नेला आणि नळाखाली ठेवला.

"धुवा," मी काकूंना ऐकू जाईल असं म्हणाले. "पण आता मावशींना सांगू नका. तुम्ही धुवा."

त्याच दिवशी काम गेलं. कर्वेनगरची मुलगी माझ्या जागेवर आली. माझा कागदही तिच्याकडेच गेला, अकराच्या अकरा नियमांसकट.

आता मी माझी माझी फिरते. चार माणसं येतात, कधी दोन. सुरुवातीलाच आडनावासकट नाव सांगते. कुणाला परत फिरायचं असेल तर तिथूनच फिरावं. त्या घरासमोर आम्ही थांबतो. दार बंद असतं. या घरात जेवायला कुठं बसवतात, कुणाला बसवत नाहीत आणि कुणाचा पाट धुतात, ते मी सांगते. खिडकीतून एकदा आवाज आला होता, "दुपारची वेळ आहे, कळत नाही का?"

कळतं. तो नियम माझाच होता. मी एक ते चारच्या मधेच येते आणि येत राहणार.