लालमध्ये गेलेला काटा

१९८६ साली मी बासष्टचा होतो. अमेरिकेत ॲन आर्बरला मुलाच्या जुन्या टर्बो गाडीला जोर यावा म्हणून मी गुपचूप इंजिनातल्या हवेचा दाब वाढवणारा तिचा एक स्क्रू पिळला, तर इंजिन खडखडायला लागलं.

मुलगा घरी नसताना मी शेजारच्या बिल्डिंगमधल्या नागपूरच्या माणसाला बोलावलं. नाव विचारलंच नाही. तो स्वस्तात गाड्या तपासायचा. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवून त्याची मूठ कानाला लावायचा, डोळे मिटून ऐकायचा. मग भंगारातलं हवेचा दाब दाखवणारं प्रेशर मीटर जोडून त्यानं गाडीची एक फेरी मारली. मीटरचा काटा धोक्याच्या लाल पट्ट्यात गेला.

“काका, हा स्क्रू कुणी पिळला? हायवेवर इंजिन फुटेल.”

“मला काय विचारता? चाळीस वर्षं पाण्याचे पंप चालवलेत मी!”

“म्हणजे तुम्हीच पिळलाय. गाडी मुलाची. त्याला सांगा, मग सैल करतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा नातीला गाडीत बसवून निघाला, तसा मी गाडीपुढं जाऊन उभा राहिलो. म्हणालो, “उतरा. स्क्रू मी पिळलाय.”