पोस्टात न पडलेली कार्डं

देवळीच्या माझ्या मित्रानं विश्वासानं हाती दिलेली कार्डं मी पोस्टात टाकली नाहीत. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आळस झाला असं म्हणून सुटता आलं असतं. पण आळस नंतरचा. पहिलं कार्ड मी समजून उमजून ठेवून घेतलं.

आम्ही दोघं हॅम रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढलेला, घरी यंत्र, छतावर एरियलची तार. कुठल्या देशातला माणूस भेटेल त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आणि मग एकमेकांना पोस्टकार्डाएवढं कार्ड पाठवायचं: अमुक दिवशी, अमुक वेळी तुमचा आवाज ऐकला. ते कार्ड आलं की भेट पक्की. आता पुष्कळ जण हे कॉम्प्युटरवर उरकतात. मित्राला ते पटायचं नाही. पडद्यावरचं हातात धरता येत नाही, म्हणायचा.

त्याला लहानपणी पोलिओ झालेला. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत त्याचं यंत्र होतं आणि तीनचाकी सायकलवर जाईल तेवढंच त्याचं जग. परदेशी टपालाचं काम देवळीत उरकत नसे, म्हणून ते मी घेतलं. मी वर्ध्याला, मोठं पोस्ट ऑफिस माझ्या रस्त्यावर. रविवारी त्याच्याकडून कार्डं आणायची, पाकिटात आपल्या पत्त्याचं उत्तराचं पाकीट घालायचं, तिकिटं लावून टाकायची. त्याच्या कार्डावर आणि हॅमवाल्यांच्या जगभरच्या यादीतही उत्तराचा पत्ता माझाच छापला होता. दोनेक वर्षं मी हे नीट केलं. आलेली कार्डं घेऊन गेलो की तो आधी वास घ्यायचा, मग वाचायचा.

माझं यंत्र त्याच्यापेक्षा चांगलं होतं, आणि त्यावरून तो मला सोडत नसे. एकदा दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "तुह्या मशिनीले हळद-कुंकू वाह्य, बोलाचं काम माह्याकडे दे." सगळे हसले. मीही हसलो.

मग एका पहाटे पॅसिफिकमधल्या एका बेटावरचा माणूस ऐकू आला. तिथं परवानेवाला हा एकच. मी कितीतरी वर्षं त्याची वाट बघत होतो. हाका मारून घसा बसला, पण त्यानं मला घेतलं नाही. आणि माझ्याच यंत्रावर मी ऐकलं की त्यानं देवळीला उत्तर दिलं. एका दमात.

त्या रविवारी मित्रानं बेटाचं कार्ड वेगळं काढून दिलं, हे आधी टाकजो म्हणाला. मी ते खणात ठेवलं. त्याला चार दिवस ताटकळू दे, एवढंच तेव्हा मनात होतं. मग कापसाचा हंगाम लागला. मी जिनिंगच्या ऑफिसात हिशेब बघतो, दिवाळीनंतर मान वर करायला फुरसत नसते. पुढचे गठ्ठे त्या कार्डावर पडत गेले. हंगाम संपला तेव्हा तारखा जुन्या झाल्या होत्या, आणि आता का टाकली नाहीत हे सांगायची लाज वाटायला लागली.

तो विचारायचा. हॅमवाल्यांच्या संस्थेमार्फत कार्डं गठ्ठ्यानं पाठवली की दोन-दोन वर्षं लागतात, हे आमच्यात सगळ्यांना माहीत असतं. मी तेच सांगायचो, तिकिटं महागली म्हणून तसं केलं असं. तो मान हलवायचा.

याहून वाईट पुढं आहे. समोरच्यांची कार्डं माझ्या पत्त्यावर येतच होती. पण त्यांवर लिहिलेलं असे, तुमचं कार्ड अजून मिळालं नाही, कृपया पाठवा. ती त्याला दाखवली असती तर मी उघडा पडलो असतो. म्हणून तीही खणात गेली. बेटावरच्या माणसानं तर स्वतःहून लिहिलं होतं, की त्या पहाटे एवढ्या गर्दीत भारतातला तुमचाच आवाज स्वच्छ होता.

मित्राला यातलं काहीच कळलं नाही. त्याला एवढंच दिसत होतं, की एकही कार्ड येत नाही. बोलताना 'पाच-नऊ' म्हणजे आवाज उत्तम, हा शेरा त्याला सगळे देत. पण तो शिरस्ताच आहे, आवाज कसाही असो. एका रविवारी तो म्हणाला, "पाच-नऊ तं सारेच देते. तोंडावर कोण म्हणते का, तुहं ऐकू नाई येत? ज्याले खरं ऐकू येते तो कार्ड धाडते. मले वाटते, आपला आवाज पुलगावच्या पुढं जाऊनच नाई राह्यला."

जातो, असं मी म्हणू शकलो असतो. चहा पीत राहिलो.

पावसाळ्याआधी त्यानं तार काढायला सांगितलं. त्याला छतावर चढता येत नाही, दरवेळी चढायचो मीच. उगाच माकडं झोके घेते तिच्यावर, म्हणाला. मी तार सोडवली, गुंडाळली, खाली आणून दिली. वहिनींनी ती अंगणात धुणं वाळत घालायला बांधली. यंत्रावर कापड पडलं.

या महिन्यात बेटावरच्या माणसाचं पुन्हा पत्र आलं. म्हातारा झालोय, हात थरथरतात, यंत्र विकून टाकतोय. तुमच्या भागातलं ते एक कार्ड तेवढं राहिलं, जमलं तर पाठवा.

ते पत्र खिशात घालून मी रविवारी देवळीला गेलो. दुकानात आर्वीकडचा एक पाहुणा बसला होता, त्यानं झाकलेल्या यंत्राबद्दल विचारलं. मित्र हसत म्हणाला, "मी लय बोललो त्याच्यावर. आयकणारं कोणी नोहतं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "इचारा यायले, सारं टपाल यायच्याच हातून गेलं."

पाहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो. पत्र खिशातच परत आलं.

मी त्याचं देणं लागतो ते असं: त्यानं लिहिलेली सगळी कार्डं, त्याला आलेली सगळी कार्डं, आणि त्याच्या तोंडावर हे वाक्य, की तुझा आवाज पोचत होता आणि मला ते माहीत होतं. यातलं अजून मी काहीच दिलेलं नाही.