रडतोय ना, मग वेळ आहे

आमच्या दवाखान्यात किस्से कुत्र्याच्या केसांसारखे. कितीही झाडा, घरी जाताना चार अंगाला चिकटलेलेच! दुबईत जनावरांच्या इमर्जन्सी दवाखान्यात कामाला आहे मी. शिक्षण सातवी.

*

कामाला लागले तेव्हा हातात फक्त मॉप. एकदा तीन कुत्री जोरजोरात भुंकत होती आणि कोपऱ्यात एक पिल्लू गप्प पडलेलं. मीच आत जाऊन मीनल डॉक्टरांना म्हटलं, "मॅडम, ते गप्प आहे. आधी बघा."

त्यांनी पिल्लाचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक! पोटात रक्तस्राव होत होता. वाचलं बिचारं.

"तुला कसं कळलं गं?"

"माझी लेक श्रेया गप्प झाली की मला धडकी भरते. रडली की जीव भांड्यात पडतो."

दुसऱ्या दिवसापासून दारात येणाऱ्या जनावरांच्या गळ्यात रिबन बांधायचं काम माझ्याकडे. हिरवी म्हणजे थांबेल, पिवळी म्हणजे लवकर, लाल म्हणजे आत्ता. पण लालचं रीळ मॅडमच्या ड्रॉवरमध्ये. "लाल वाटलं तर आत हाक मारायची, सुवर्णा. तू बांधायची नाहीस."

बरोबरच होतं. तरी लागलं मनाला.

*

मरीनाच्या श्रीमंत वस्तीतून एक बाई आल्या. कुत्र्याचं नख तुटलेलं, त्याला जॅकेट घातलेलं. मी हिरवी बांधली.

"जॅकेटला मॅच होत नाही, लाल द्या ना!"

"लाल मिळायला बेशुद्ध पडावं लागतं, मॅडम!"

*

जबल अलीच्या मजुरांच्या कॅम्पातून साताऱ्याकडचा एक गवंडी खोक्यात बोका घेऊन आला. "ताई, सकाळपासून नुसता जोर करतोय, लघवी होईना. बाकी काही नाही."

मी ओरडलेच, "मॅडम, लाल!" बोक्याची लघवी अडली की जिवावर बेतते, हे मॅडमनीच शिकवलेलं.

मागे एक सूटवाला, हातात भुंकणारा कुत्रा. "यल्ला, यल्ला!" म्हणून घाई करत होता. गवंडी बिचारा संकोचला. "ताई, साहेबांना जाऊ द्या आधी."

"भाऊ, आज इथं साहेब तुमचा बोका!"

*

घरी श्रेया सोफ्यावरून पडली, भोकाड पसरलं. मी धावत जाऊन आधी तिचा ओठ वर केला, हिरड्या बघितल्या.

"मम्मा, आय ॲम नॉट अ कॅट!"

नवरा म्हणाला, "खलास! आता हिलाही रिबन बांध."

बांधली. हिरवी.

*

एका रविवारी मीनल मॅडमची सुट्टी, आत दुसरे डॉक्टर. धाडकन दार उघडलं. स्वतः मॅडम! पायात घरातल्या चपला, कुशीत त्यांचा कुत्रा चिकू. पंजा काचेनं कापलेला, कुर्ता रक्तानं माखलेला, आणि चिकूच्या किंकाळ्या!

"सुवर्णा, लाल! पटकन!"

तेवढ्यात त्यांच्यामागून एक म्हातारे गृहस्थ पिंजरा घेऊन आले. आतलं मांजर तोंड उघडं टाकून श्वास घेत होतं. आवाज काही नाही.

नोकरी, व्हिसा, श्रेयाची शाळा, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी आत हाक मारली, "डॉक्टर, मांजर! लाल!" आणि चिकूच्या गळ्यात पिवळी बांधली.

"अगं, माझा चिकू आहे हा!"

"रडतोय ना मॅडम? मग वेळ आहे. हे फडकं घट्ट दाबून धरा."

मॅडमनी फडकं दाबून धरलं. मग बाकावर जाऊन बसल्या. नंबर दोन.

सोमवारी सकाळी मी मॉप घ्यायला गेले. मॉपशेजारच्या खिळ्याला लाल रिबनचं रीळ टांगलेलं होतं.