कांतावर आलेलं राज्य

कडेवर धाकटा भाऊ घेऊन धावणारी कांता… बालपण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी तीच उभी राहते. भाद्रपद सरतानाची संध्याकाळ, वालूरच्या आमच्या गल्लीत अंगणाअंगणांतून वाळत घातलेल्या मुगाच्या शेंगांचा कोंदट-गोड वास, चुलींचा निळसर धूर, गुरांच्या खुरांनी उडवलेली आणि अजून खाली न बसलेली धूळ; आणि त्या धुळीतून तेलाविना तांबूस झालेल्या केसांची, नऊ-दहा वर्षांची एक किडकिडीत मुलगी, दोन वर्षांच्या जडशीळ बाळूला एका हातानं कंबरेशी आवळून, दुसरा हात आमच्या पाठीच्या दिशेनं लांबवत पळते आहे…

शिवणापाणी हा आमचा रोजचा खेळ. ज्याच्यावर राज्य येईल त्यानं इतरांमागे धावायचं आणि ज्याला शिवलं त्याच्यावर राज्य जायचं. आमच्या बोलण्यात त्याचं 'राज' व्हायचं. बाळू कडेवर असल्यामुळे कांता सहज सापडायची, आणि बाळू कडेवर असल्यामुळेच तिच्या हाती कुणी लागायचं नाही. मग राज्य तिच्यावर यायचं ते दिवेलागण होईतो तिच्यावरच राहायचं. "त्याला खाली ठिव की गं," आम्ही ओरडायचो. ती धापा टाकत म्हणायची, "खाली ठिवला की माती खायलाय ह्यो." पण खेळ सोडून ती कधी गेली नाही.

कांताचं घर आमच्या घराला पाठ लावून होतं. बाप ज्ञानोबा, आई सोजर, ही दोन मुलं. डोंगरकडेला तुकडाभर बरड जमीन होती, तिच्यात पोटापुरतीही ज्वारी होत नसे. म्हणून दिवाळीचा फराळ सरतो न सरतो तोच हे कुटुंब ऊसतोडीला निघायचं. पहाटेच्या गारठ्यात ट्रकचा भोंगा वाजायचा, आणि सकाळी मी पाहायची तेव्हा त्यांच्या दाराला काट्याची फांदी लावलेली असायची. पुढे थेट गुढीपाडव्याच्या आसपास ती माणसं परतायची… काळवंडलेली, अंगाला उसाच्या पाचटाचा कोरडा, आंबूस वास घेऊन.

राज्य हा शब्द आम्ही खेळातच शिकलो होतो, तरी तो आमच्या आजूबाजूला वेगवेगळ्या चालीनं वावरत असे. पारावरची म्हातारी माणसं "निजामाच्या राज्यात" अशी सुरुवात करून काहीबाही सांगायची. ती मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती. एसटी थांब्यामागच्या भिंतीवर हवं म्हणणाऱ्यांच्या आणि नको म्हणणाऱ्यांच्या घोषणा एकावर एक चढलेल्या असत, एखाद्या दिवशी गाड्या अचानक बंद व्हायच्या, आणि थोरली माणसं घोळक्यात आवाज उतरवून विचारायची, "राज्य हाय का न्हाई कुनाचं?" आम्हांला ते कळत नसे. राज्य नेहमी कुणावर तरी असतंच, एवढं आम्हांला ठाऊक होतं.

आणि मग टीव्ही आला. किराणा दुकानवाल्या काशिनाथशेठच्या ओसरीवर, लाकडी पेटीत, वर विणलेला रुमाल घातलेला. रविवारी सकाळी एका तरुण राजाची हिंदी मालिका लागायची आणि गल्लीतलं एकूण एक पोर तिथे जमायचं. ओसरीवर गूळ, रॉकेल आणि हळद यांचा मिसळलेला वास असायचा; पडद्यावर मुंग्या आल्या की शेठचा पुतण्या माळवदावर चढून अँटेना फिरवायचा. एका रविवारी राजाच्या काकानं कपट करून त्याचं राज्य बळकावलं होतं. राजानं मुकुट उतरवून ठेवला, राजवाड्याच्या पायऱ्या उतरताना त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मागे सनई रडत होती, ओसरीवर एकदम शांतता पसरली होती… आणि उंबऱ्यापाशी बाळूला मांडीवर घेऊन बसलेली कांता खणखणीत आवाजात म्हणाली,

"राज गेलं तर रडायलाय कशाला त्यो? सुटला की!"

सगळी ओसरी हसली. शेठ हसले, शेठाणी पदर तोंडाला लावून हसल्या, मीही हसले. कांताला मात्र आपलं काय चुकलं ते कळेना. ती पडद्याकडे आणि आमच्याकडे आळीपाळीनं पाहत राहिली. दाराआड सोजरकाकू शेठाणींच्या तुरी पाखडत बसल्या होत्या. त्यांचं सूप थांबलं. "खरं हाय की माज्या लेकीचं," त्या म्हणाल्या, आणि सूप पुन्हा सुरू झालं. त्या वेळी त्या गरोदर होत्या.

त्या दिवाळीनंतर ही माणसं गेली आणि पाडव्याला परत आली, तेव्हा ट्रकमधून सोजरकाकू उतरल्या नाहीत. ज्ञानोबा उतरला, बाळू उतरला, आणि सर्वांत शेवटी, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून कांता उतरली. ती तान्ही बहीण होती. तिचं बारसंही झालेलं नव्हतं.

काय घडलं ते कांतानं मला एकदाच सांगितलं, आमच्या मागल्या भिंतीशी उभी राहून. उसाच्या फडाशेजारी पाचटाची खोपी होती. बाप आणि बाकीची माणसं मोळ्या भरायला गेली होती. "माय म्हनली, पानी तापव. म्या तापवलं. मंग म्हनली, शेजारच्या खोपीतल्या मावशीला बोलीव. मावशी बी फडात गेलती. म्या परत आले तर पोरगी रडायलीती… आन् माय बोलंनाच." एवढं सांगून ती घाईनं आत गेली. आतून पोरीचा रडण्याचा आवाज येत होता. मांजराच्या पिलासारखा, बारीक, न थांबणारा.

त्या दिवसांत गल्लीतल्या बायका ताकाचं, भाकरीचं निमित्त करून त्यांच्या घरी डोकावून यायच्या. आमची शेळी व्यालेली होती, म्हणून आई रोज वाटीभर दूध द्यायची आणि कांता कापसाचा बोळा त्यात बुडवून बहिणीच्या ओठांवर पिळायची. एके दुपारी दूध देऊन आलेली आई उंबऱ्यावरच बसली. "एवढ्याशा लेकरावर आख्ख्या घराचं राज आलं गं बाई," असं कुणाला उद्देशून नव्हे, नुसतंच म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

मी दहा वर्षांची होते. राज्य कसं उतरवायचं ते मला माहीत होतं. मी धावत मागच्या घरी गेले. पांढऱ्याफेक उन्हातून आत गेल्यावर आधी काहीच दिसेना. मग थंड चुलीपुढे भिंतीला टेकून, बहिणीला पायांवर घेऊन बसलेली कांता दिसली. बाळू तिच्या पाठीला चिकटून झोपला होता. मी हात पुढे केला.

"कांते, मला शिव. आता माज्यावर राज."

ती माझ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. हसली नाही. मग तिनं ती पोरगी उचलून माझ्या मांडीवर ठेवली, बोळा माझ्या हातात दिला, आणि होती तिथेच कुशीवर वळली. पाहता पाहता तिला झोप लागली. हात-पाय सैल पडलेले, तोंड किंचित उघडं, कपाळावर माशी बसली तरी जाग येऊ नये अशी झोप… मुलांची झोप मी खूप पाहिली आहे, तशी दुसरी पाहिली नाही. माझ्या मांडीला मुंग्या आल्या, फडकं ओलं झालं, दुधाचा उग्र वास हाताला लागला, तरी मी हलले नाही. उन्हं दाराबाहेर सरकली तेव्हा ज्ञानोबाच्या खोकल्याचा आवाज आला आणि कांता दचकून उठली.

"आन हिकडं," ती म्हणाली. पोरगी घेतली. "जाय आता तू. भाकरी टाकायच्यात."

ती बहीण वैशाखात गेली. ताप आला, एका दिवसात आटोपलं. ज्ञानोबा तिला फडक्यात घेऊन ओढ्याकडे गेला, तेव्हा कांता अंगण झाडत होती. रडत नव्हती. संध्याकाळी आम्ही मुली तिच्या दाराशी गेलो, "चल की खेळायला," म्हणालो. तिनं आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही परक्या गावच्या मुली आहोत आणि वाट चुकून आलो आहोत.

पुढच्या दिवाळीला ती आईच्या जागी गेली. बाप तोडायचा आणि ती मोळ्या बांधून डोक्यावरून वाहायची. बाळू फडाच्या कडेला बसायचा. शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव काही दिवस पुकारलं जाई, मग गुरुजींनी पुकारणंही थांबवलं. दोन हंगामांनंतर, येलदरीकडच्या एका तोडकरी घरात तिचं लग्न लावून दिलं. त्या घरातल्या मुलाला फडावर जोडी हवी होती. मांडवात हळदीनं माखलेले तिचे हात मी पाहिले. तळवे पाचटानं चिरलेले होते, आणि चिरांमध्ये हळद जाऊन बसली होती. मी शेजारी बसले तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाळूला तुमच्यात जेवायला बोलवत जाय." आईनं बाळूला पुढे बरीच वर्षं जेवू घातलं.

मी शिकले, परभणीला नोकरीला लागले, गल्ली सुटली. कांता माहेरी येत असे, पण पावसाळ्यात. माझ्या सुट्ट्या उन्हाळ्यात. भेट राहून गेली… राहतच गेली.

मागच्या वर्षी सेलूच्या स्टेशनाबाहेर एका काळ्या-पिवळ्या जीपच्या ड्रायव्हरनं मला नावानं हाक मारली. मी ओळखलं नाही. "मी बाळू. सोजराबाईचा," तो म्हणाला. कानाशी केस पिकलेले, आवाज मऊ. मी कांताबद्दल विचारलं. त्यानं मान खाली घातली.

"ताई गेली की. दोन वर्सं झाली. पोट दुखायलंय म्हनायची, कामावर जायची. दवाखान्यात नेली तवा लय उशीर झालता."

पलीकडे कुणीतरी गरम भजी तळत होतं, रिक्षावाले ओरडत होते. मग बाळूनं थोडं संकोचत विचारलं, "तुमच्याकडं ताईचा एखांदा फोटू हाय का? लहानपनीचा? आमच्याकडं मायचा बी न्हाई आन् तिचा बी न्हाई. माज्या पोरी इचारत्यात, आत्या कशी होती."

माझ्याकडे शाळेचा एकच फोटो आहे, चौथीच्या वर्गाचा. तो हिवाळ्यात काढलेला. हिवाळ्यात कांता फडावर असायची.

"न्हाई रे," मी म्हणाले. आणि मग, काय करावं ते न सुचून, मी त्याला सांगायला लागले: रंग सावळा होता, कपाळ मोठं, डाव्या भुवईत एक बारीक खोक, हसताना पुढचे दोन दात दिसायचे… बाळू जीपच्या दाराला टेकून ऐकत होता. जीपमधली माणसं निघायची घाई करू लागली, कुणीतरी आतून पत्र्यावर थापटी मारली. तो हलला नाही.

"आनखी सांगा," म्हणाला.