विमानतळाखालची नाळ आणि शून्याचं तिकीट

"तुझी नाळ इमानाखाली पुरलीय पोरी, तू काय एका जागी टिकायची न्हाईस."

मी तिसरी-चौथीत असताना माय भाकरी थापता थापता हे बोलली होती. आमच्याकडं विमानाला इमान म्हणतात. मी ते वाक्य शाळेत जाऊन सांगितलं तर गुरुजी भलतेच खूश झाले. इमान म्हणजे इमानदारी असं समजून त्यांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. मायचा अर्थ अगदी साधा होता. मुंबईत सहारला आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहत होता, तेव्हा आमच्या बीडजवळच्या नेकनूरकडची बरीच माणसं तिथं कामाला गेली होती. माय खडी वाहायची. मी तिथंच, कामगारांच्या पालात जन्मले. माझी नाळ जिथं पुरली, त्या जागेवरून पुढं रोलर फिरला.

मायचं भविष्य मात्र साफ चुकलं. मी नेकनूरहून बीडला आले, शाळेत मराठी शिकवायला लागले आणि चांगली टिकले. चाळिशी उलटून गेली, अजून विमानात पाऊल ठेवलेलं नाही.

या दिवाळीच्या सुट्टीत माय अचानक म्हणाली, "गुडघे चालत्यात तवर एकदा त्या जाग्याला हळदी-कुंकू वाहून यू. सटवाईनं तुला तिथं दिलं. मी परत फिरून बघितलं बी न्हाई." त्याच आठवड्यात शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं की अंधेरीला एका सभागृहात मुंबईच्या विमानतळाच्या इतिहासाचं प्रदर्शन लागलंय. मी लगेच बॅग भरली.

ज्यांना आमच्या भागातून मुंबईला दिवसाउजेडी जायचं आहे त्यांच्यासाठी: मांजरसुंब्याच्या फाट्यावर सकाळी पुण्याची एसटी मिळते. तासभर आधी पोचलात तर तिथली रबडी खाऊन घ्या, पुढं नगरपर्यंत असं काही मिळत नाही. पाटोदा-जामखेडचा रस्ता पूर्वीपेक्षा बरा आहे, तरी मागच्या सीटवर बसू नका. मायनं धारूरची सीताफळं एका टोपलीत भरून मांडीवर घेतली होती. पुण्यात माझ्या मैत्रिणीकडं मुक्काम होता, तिच्यासाठी.

बसमध्ये बायकांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं आणि मायच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट ठेवलं.

"शून्याचं तिकीट कावून देतोस बाबा? दिऊच नगंस मंग."

"आजी, तिकीट न्हाई दिसलं तर चेकर मला धरतोय. तुमी सरकारच्या पाहुण्या हायसा. जपून ठिवा, ह्याच्यावर राज्यात कुटंबी हिंडा."

गंमतीनं बोलला बिचारा. मायनं ते तिकीट घडी करून हळदी-कुंकवाच्या पुडीजवळ कमरेच्या पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून बोरिवलीची एसटी धरली आणि दुपारी अंधेरीला उतरलो. स्टेशनजवळ एक साधं लॉज घेतलं. खोली लहान, पण चादरी स्वच्छ आणि मॅनेजर मायला आत्या म्हणणारा. खालच्या खानावळीत पोळी-भाजी बरी होती. मायनं ठेचा घरून आणला होता म्हणून जास्तच बरी लागली. जेवून प्रदर्शनाला गेलो.

प्रदर्शन सुरेख मांडलं होतं, हे मी नाकारत नाही. जुहूच्या मातीच्या पट्टीवर उतरणारी पहिली विमानं, मग इंग्रजांनी सांताक्रूझला केलेला लष्करी तळ, युद्धानंतर तिथं सुरू झालेली प्रवासी वाहतूक. जेट विमानं आली, गर्दी वाढली, म्हणून सहारला आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी नवी इमारत. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांचा मोठा नकाशा. शेवटी आजचं झगझगीत टर्मिनल, मोरपिसासारख्या खांबांचं. मी मायला एकेक फलक वाचून दाखवत होते. जुनी सहारची इमारत पाडून नवी बांधली, हे ऐकून ती थबकली.

"पाडली? आमी खडी वाहिली ती?"

"इमारत पाडली. विमानं उभी राहतात ती खालची जमीन असेल अजून."

"जमीन कुटं जाती," ती म्हणाली आणि पुढं सरकली.

सहारच्या फलकावर लिहिलं होतं: या ओसाड, निर्मनुष्य माळावर स्थापत्यशास्त्राचा चमत्कार घडला. मी एवढं वाचलं, पुढची ओळ वाचली नाही.

"थांबलीस कावून? निर्मनुष्य म्हंजी काय गं?"

आयुष्यभर मी मुलांना शब्दांचे अर्थ सांगत आले. हा अर्थ सांगताना मला लाज वाटली. "जिथं माणूस नाही असं," मी म्हणाले.

"मंग हमीदाबी कोण व्हती? म्हैस?"

हमीदाबी आमच्याच जिल्ह्यातल्या चकलांब्याची. तिचा नवरा दगड घडवायचा. मायच्या शेजारचं पाल तिचं. मायला कळा सुरू झाल्या तेव्हा मुकादम म्हणाला होता, काम संपल्यावर बघू. हमीदाबीनं घमेलं त्याच्या पायाशी आपटलं आणि मायला पालात नेलं. नाळ तिनं कापली, आखणीसाठी चुना मारलेल्या दगडाजवळ तिनंच पुरली. पाचवीला तिनंच कुठूनतरी हळद आणली. हे सगळं निर्मनुष्य माळावर.

फलकाशेजारी एक तरुण मुलगी माहिती द्यायला उभी होती. मी तिला विचारलं, "हा मजकूर कोणी लिहिला?"

"ताई, आम्ही फक्त उभ्या असतो. मजकूर वरून येतो."

"वर कळवाल का, की इथं माणसं होती?"

ती कावरीबावरी झाली. "सूचनापेटी आहे ना, दारापाशी."

माझा राग तिच्यावर नव्हता. पण मी तिचे आभारही मानले नाहीत. इतकी सगळी नावं होती त्या भिंतींवर! कोनशिला बसवणाऱ्यांची, फीत कापणाऱ्यांची, नकाशे काढणाऱ्यांची. सिमेंट कुठून आलं त्याची माहिती होती. पोलाद किती लागलं ते होतं. डोक्यावरून ते सगळं कोणी वाहिलं, तिथं एकदम माणसंच नव्हती. विसर पडला असता तर मी समजून घेतलं असतं. पण निर्मनुष्य हा शब्द कुणीतरी विचार करून, शोधून, सुंदर वाटतो म्हणून लिहिलेला असतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी विमानतळ. अंधेरीहून रिक्षा मीटरनं जाते, घासाघीस करू नका. खालच्या बाजूला उतरून लिफ्टनं वर जायचं. मायनं नवं इरकल नेसलं होतं. काचेच्या त्या प्रचंड दारांपुढं ती जरा वेळ नुसती उभी राहिली. मग ढकलगाड्यांच्या आणि ट्रॉलीबॅगांच्या रांगेत शिरली. मी मागून ओढेपर्यंत दारावर हातातल्या यंत्रानं तिकिटं तपासणाऱ्या जवानापाशी पोचलीसुद्धा.

"टिकट दिखाइए, माताजी."

मायनं कमरेची पिशवी उघडली, घडी उलगडली आणि एसटीचं शून्याचं तिकीट त्याच्या हातात दिलं.

त्यानं ते उलटसुलट बघितलं. "माताजी, ये तो बस का टिकट है।"

"बसका हय, पर सरकारका हय ना बाबा. राज्यमें कहीं भी चलता बोल्या कंडक्टर."

रांगेत मागं कुणीतरी हसलं. एक बाई म्हणाली, "अहो काकू, हे एसटी स्टँड नाही." माय तिच्याकडं वळली. "ठावं हाय बया. स्टँडवर मी काम न्हाई केलं. हितं केलंय."

जवान हसला नाही. त्यानं तिकीट नीट घडी करून परत दिलं आणि हात जोडले. विमानाच्या तिकिटाशिवाय कुणालाच आत सोडता येत नाही, नियम आहे, असं मला समजावून सांगितलं. नियम मला कळतो. सुरक्षितताही कळते. आत कॉफी प्यायला, अत्तर विकत घ्यायला तिकीटवाला कुणीही जाऊ शकतो, हेही कळतं. कळत नाही ते एवढंच की जिनं जमीन तयार केली तिच्यासाठी कोणत्या रांगेत उभं राहायचं. बाहेरच्या दुकानात चहा घेतला. त्या एका चहाच्या पैशात नेकनूरच्या स्टँडवर अख्ख्या वऱ्हाडाला चहा पाजला असता. मायनं निम्मा ठेवला. "दुधात पानी न्हाई, पान्यात दूध हाय," म्हणाली.

परतीच्या रिक्षावाल्याला आमचं बोलणं ऐकू आलं असावं. त्यानं न विचारता कुर्ल्याच्या रस्त्याला एका गल्लीच्या टोकाला रिक्षा थांबवली. समोर विमानतळाची भिंत, वर काटेरी तारांची भेंडोळी. पलीकडं धावपट्टी. इतक्यात डोक्यावरून विमान आलं, इतकं खाली की त्याची चाकं दिसली. गल्लीतल्या एकाही माणसानं मान वर केली नाही. मायनं मात्र पदर सावरला आणि विमान भिंतीपलीकडं टेकेपर्यंत बघत राहिली.

"माय, इथंच वाहतेस का हळदी-कुंकू?" मी विचारलं. "भिंतीला लाव. पलीकडं तर जमीन तीच आहे."

"भिंतीला कुंकू लावाय मी काय येडी हाय? भिंत आत्ताची हाय." तिनं तळहात भिंतीवर ठेवला, लगेच काढला. "माजी जागा आत हाय. आत जाऊन वाहीन, न्हाईतर न्हाई वाहनार."

परतीच्या एसटीत जामखेडच्या पुढं माय एकदा म्हणाली, "हमीदाबी असती तर त्या शिपायाच्या हातातलं यंत्रच आपटलं असतं तिनं." आणि हसली. मला हसू आलं नाही. पाटोद्यापर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसले होते.

आता घरी येऊन आठवडा झाला. मुंबईचं काय काय राहिलं मनात, असं मैत्रिणी विचारतात. हळदी-कुंकवाची पुडी राहिली, न उघडलेली, मायच्या देव्हाऱ्यात सटवाईच्या टाकाशेजारी. मायचा एक प्रश्न राहिला. मी नेकनूरला फोन लावला की ती पहिल्यांदा तोच विचारते: "कळवलंस का त्या इमानवाल्यांला? काय म्हणले?"

म्हणून हे इथं लिहिते. त्या विमानतळाशी ज्यांचा संबंध आहे त्यांच्यापैकी कुणी वाचत असेल तर माझी एक विनंती आहे. आमचं नाव कुठं लावू नका, फोटो लावू नका. माझ्या मायला एकदा भिंतीच्या आत येऊ द्या. तुमच्या गाडीतून न्या, तुमचा माणूस सोबत ठेवा, पुडी आधी तपासून घ्या. विमानांना अडचण होणार नाही अशा कडेच्या कोपऱ्यात तिला वाकू द्या. गुडघ्यांमुळं तिला वाकायला वेळ लागतो, तेवढा वेळ द्या.

सुरक्षेच्या कारणास्तव परवानगी देता येत नाही, हे तुमचं उत्तर मी तुमच्याआधीच लिहून ठेवलं आहे. तरी विचारते. तिच्याकडं तिकीट आहे. शून्याचं आहे, पण कंडक्टरनं सांगितलं तसं तिनं ते जपून ठेवलंय.